नियोजित अध्यक्ष आणि पहिलीची बाकं

६ जानेवारी, सकाळी
गेल्या शुक्रवारी सकाळी मी विधानसभेच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसलो. पुढे कुणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून आजपासून रोजनिशी.

रीतसर बसलो. खुर्ची करकरत होती, अधिवेशन नव्हतं, कंत्राटदाराने मला पाठवलं. मागच्या पायाचा सांधा सुटला होता. सरस लावला, पाचर मारली, पुसून घेतलं. आमच्या सुतारकामात नियम आहे, दुरुस्त केलेल्या खुर्चीत आधी करणाऱ्याने बसायचं. मोडली तर आपली पाठ मोडावी, गिऱ्हाइकाची नाही. म्हणून बसलो. जरा जास्त वेळ बसलो, कारण खुर्चीही मोठी होती.

समोर अर्धगोलात आसनं. माझ्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक, मध्ये मोकळी जागा, पायाशी सचिवांचं टेबल, वर प्रेक्षकांच्या गॅलऱ्या. सगळं रिकामं. तरी वाटलं, सगळे माझ्या परवानगीसाठी थांबलेत. डोळे मिटले. देवाने मला काही सांगितलं असं मी म्हणणार नाही. पण तो नाही म्हणाला नाही, हे नक्की.

तेवढ्यात दारातला मार्शल म्हणाला, काका, करकर थांबली ना? मग उठा.

उठता उठता विचारलं, या खुर्चीत यायला काय करावं लागतं? तो हसला नाही. चांगला माणूस. म्हणाला, थेट नाही येता येत. राज्याचे मतदारसंघ पाडलेत, एकेकातून एकेक आमदार निवडून येतो, मग ते सगळे मिळून आपल्यातलाच एक अध्यक्ष करतात. म्हणजे आधी आमदार व्हावं लागेल. ठीक आहे. मधला टप्पा आहे, होऊन जाईल.

घरी अजून सांगितलं नाही.

९ जानेवारी
मोठ्या बाई वर्कशॉपवर आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळा रस्ता त्यांना मोठ्या बाईच म्हणतो. पहिलीच्या वर्गासाठी त्यांनी बाकं सांगितली आहेत. लाकूड कधीचं येऊन पडलंय, मी अजून रंधा लावलेला नाही. म्हणाल्या, पोरं जमिनीवर बसतात त्याचं मला काही नाही, पण सोळा मार्चला परीक्षा आहे. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितात, अक्षर वाकडं येतं, आणि वाकड्या अक्षराचे मार्क आम्हीच कापतो. मला रात्री ते बरं वाटत नाही.

मी म्हटलं, बाई, मार्च लांब आहे.

ठराव: बाकांचं काम उद्यापासून.

१० जानेवारी
उद्यापासून.

१२ जानेवारी
घरी सांगितलं. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, दुसऱ्याच्या खुर्चीत बसून आलात आणि हे सुचलं होय? म्हणून सांगते, उभ्याने काम करत जा.

मुलगी कॉलेजात हाच विषय शिकते. तिने अटी सांगितल्या. भारताचा नागरिक हवा. आहे. राज्यातल्या कुठल्या तरी मतदारयादीत नाव हवं. आहे. वय पंचवीस पूर्ण हवं. माझ्याकडे ते जवळजवळ दोनदा आहे. शिक्षणाची अट नाही. म्हणजे गावच्या शाळेतली माझी सातवी ही वरकमाईच. ती म्हणाली, बाबा, पक्ष कुठला? म्हटलं, अध्यक्षाला पक्ष शोभत नाही. अपक्ष. बायको म्हणाली, ते बरं, कुणी तिकीट दिलं नाही असं म्हणायची पाळी येणार नाही.

विरोध आहे, पण निकोप आहे.

१८ जानेवारी
सराव सुरू. जेवायला बसताना मुलगी उजवीकडे, बायको डावीकडे, मी भिंतीशी. बायको म्हणाली, मी विरोधी का? घर कोण चालवतं? बरोबर होतं. जागा बदलल्या. आता मुलगी विरोधी पक्षनेता.

पहिला तारांकित प्रश्न बायकोचाच, बाकं सुरू झाली का? मी उत्तर राखून ठेवलं. ती म्हणाली, सत्ताधारी प्रश्न विचारतायत आणि अध्यक्ष उत्तर देत नाहीत, ही कुठली सभा? मुलगी म्हणाली, बाबा, अध्यक्ष उत्तर देतच नसतो, मंत्री देतात. तो फक्त बोलू देतो. मतसुद्धा देत नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच त्याचं एक मत, निर्णायक.

हे फार आवडलं. मी घरी आधीपासून असाच वागतो.

गणपूर्तीचं तिने सांगितलं. एकूण सभासदांचा दहावा हिस्सा तरी हजर पाहिजे, नाहीतर कामकाज थांबतं. मी म्हटलं, आपल्यात दहावा हिस्सा म्हणजे कितीसा? बायको म्हणाली, तुम्ही जेवढे हजर असता तेवढा.

२१ जानेवारी
अपक्षाला निवडणुकीचं चिन्ह यादीतून मागावं लागतं. यादीत खुर्ची आहे. मी अर्थातच खुर्ची घेणार. सुताराने दुसरं काय घ्यायचं?

त्यावरून मोठी योजना सुचली, रंधा मारताना. (माझी पटाशी शोधत होतो, रंधा मिस्त्री मारत होता.) मतदारसंघातली जेवढी मोडकी खुर्ची मिळेल तेवढी फुकट दुरुस्त करून द्यायची. माणूस रोज तिच्यात बसणार, रोज मला आठवणार. पक्षांची पोस्टरं भिंतीवर, माझं पोस्टर माणसाच्या खाली.

मिस्त्रीला सांगितलं. तो माझ्याकडे बरीच वर्षं आहे. म्हणाला, मालक, आणि बाकं? म्हटलं, समांतर.

२६ जानेवारी
खुर्च्यांना तुफान प्रतिसाद. लोक माळ्यावरून काढून आणतायत. एकाने स्टूल आणलं. स्टूल खुर्चीत मोडतं का यावर मी निर्णय दिला, मोडतं. प्रत्येकाला जाताना बजावतो, लक्षात ठेवा, खुर्ची म्हणजे मी. कोपऱ्यावरच्या चाळीतली एक आजी तर तोंडाने म्हणत गेली, खुर्ची, खुर्ची, खुर्ची.

लाकूड थोडं बाकांच्या ढिगातलं घेतोय. फळीचे कडेचे तुकडे फक्त. भरून टाकणार.

२९ जानेवारी
शेजारचा सलूनवाला आला, त्याची फिरती खुर्ची घेऊन. फिरत नव्हती. आता फिरते. तो फार वेळ माझी योजना ऐकत बसला. काका, डोकं आहे हं तुमचं, म्हणाला. समजदार माणूस. रोज पन्नास जणांशी बोलतो, माझ्या प्रचाराला उपयोगी पडेल.

आता कडेचे तुकडे संपले. मधल्या फळ्या घेतल्या, दोनच.

१ फेब्रुवारी
निवडणूक जाहीर. म्हणजे सध्याची विधानसभा पाच वर्षं पुरी करून जाणार आणि नवी येणार. मीही तिच्यात. मतदान एक मार्चला.

आचारसंहिता लागू झाल्यामुळे मी फुकट दुरुस्ती तत्त्वाने बंद केली. बायको म्हणाली, तत्त्वाने नाही, लाकूड संपत आलं म्हणून. दोन्ही कारणं एकाच दिवशी आली, यात माझा काय दोष?

५ फेब्रुवारी
बायको वर्कशॉपवर येऊन बसायला लागली. माप घेते, मिस्त्रीला फळ्या काढून देते. मिस्त्री म्हणतो, वहिनी मापाला पक्क्या आहेत. मी तिला तालिका अध्यक्ष नेमलं. अध्यक्ष बाहेर असले की त्यांच्या जागी बसून काम चालवणाऱ्याला तसं म्हणतात. तिने विचारलं, अध्यक्ष परत कधी येतात? म्हटलं, ते कामकाजावर अवलंबून आहे.

८ फेब्रुवारी
अपक्षाच्या अर्जावर दहा सूचक लागतात, त्याच मतदारसंघातले मतदार. मिस्त्रीने सही केली. मुलीने केली. चहावाल्याने आधी विचारलं, यात माझं काही जात तर नाही ना? मग केली. बायकोने सगळ्यांत शेवटी. म्हणाली, सही देते. मताचं मतदानादिवशी बघू. मी म्हटलं, अगं, सूचकच मत देणार नाही? ती म्हणाली, मतदान गुप्त असतं. तुमच्याच लोकशाहीत लिहिलंय.

१० फेब्रुवारी
अर्ज भरला. चिन्हांसाठी तीन पसंती लिहायच्या होत्या. पहिली खुर्ची. दुसरी खुर्ची. तिसरी खुर्ची. कारकून म्हणाला, काका, वेगवेगळी लिहायची असतात. मी म्हटलं, निष्ठा वेगवेगळी नसते. त्याने अर्ज तसाच ठेवून घेतला. प्रभाव पडला.

मग शपथ. ईश्वराला साक्षी ठेवून घ्यायची, नाहीतर नुसती गांभीर्याने. मी ईश्वराची घेतली. भरून आलं, डोळे मिटले, आणि मनात आमच्या गावच्या देवळातली प्रार्थना सुरू झाली. निवडणूक अधिकारी म्हणाल्या, डोळे उघडा आणि समोरच्या कागदावरचं वाचा. वाचलं. पण माझी आधीच झाली होती.

अनामतही भरली. ती परत मिळते, असं कळतं.

१२ फेब्रुवारी
बायकोने हिशेब लावला. उरलेल्या लाकडात चार बाकं कमी पडतात. वखारवाल्याकडे तसं लाकूड मार्चअखेरीशिवाय नाही, म्हणजे परीक्षेच्या नंतर. मला म्हणाली, तुम्ही स्वतः जा आणि मोठ्या बाईंना सांगा. आत्ता सांगितलंत तर त्या काहीतरी सोय करतील.

ठराव: उद्या सांगायचं.

१३ फेब्रुवारी
शाळेत गेलोच होतो. पण फाटकाशी शिक्षक भेटले, सगळे मतदार. अशा वेळी वाईट बातमी देणं राजकीयदृष्ट्या बरोबर नव्हे. नमस्कार करून परतलो. नमस्कार चांगला झाला.

१५ फेब्रुवारी
अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि चिन्हं वाटली.

काय झालं ते शांतपणे लिहितो. सलूनवाल्यानेही अर्ज भरला आहे. मला माहीत नव्हतं. त्यानेही पहिली पसंती खुर्ची लिहिली होती. अधिकारी बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. खुर्ची त्याला गेली. मग त्यांनी माझी दुसरी पसंती बघितली. मग तिसरी. मग माझ्याकडे. म्हणाल्या, आता उरलेल्यांतलं मीच देते.

मला उशी मिळाली.

बाहेर सलूनवाला म्हणाला, काका, राग धरू नका. दिवसभर माणसं खुर्चीतच बसवतो हो मी, मला दुसरं काय सुचणार? आणि तुमच्यामुळे माझा प्रचार घरोघरी आधीच झालाय. दाढीला या, पैसे नाही घेणार.

आचारसंहितेमुळे गेलो नाही.

घरी बायको तोंडावर पदर घेऊन आत गेली. रडत असावी. खांदे हलत होते.

१६ फेब्रुवारी
नीट विचार केला. उशी हे चिन्ह खोल आहे. खुर्चीत थोडे लोक बसतात, उशीवर सगळे डोकं टेकतात. देवाला माझ्यातून अहंकार काढायचा असेल. निघाला.

१८ फेब्रुवारी
दुरुस्त खुर्च्यांच्या घरी फिरलो. सगळीकडे स्वागत. सगळे म्हणाले, काळजीच नको, खुर्चीच. मी म्हटलं, नाही, आता उशी. चाळीतली आजी म्हणाली, बाळा, इतके दिवस पाठ केलंय, आता या वयात नको बदलायला लावूस. मी तिला पुन्हा समजावलं. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, खुर्ची भक्कम केलीस हो. मी तुझ्या खुर्चीलाच देणार.

बाईंना सांगायचं राहिलं. उद्या.

२१ फेब्रुवारी
माझी पहिली प्रचारसभा. चौकात. अध्यक्षाने निःपक्ष राहायचं असतं, त्याची सवय आत्तापासूनच हवी, म्हणून मी कुणावर टीका केली नाही. आश्वासनही दिलं नाही, ते सत्ताधाऱ्यांचं काम. सर्वांना बोलायची संधी दिली. सलूनवाला बोलला. सध्याच्या आमदारांचा माणूस बोलला. चहावाला गटाराबद्दल फार पोटतिडकीने बोलला. दोघं एकदम बोलायला लागले तेव्हा मी दोनदा त्यांना खाली बसवलं. शिस्तीत सभा झाली.

माझी वेळ आली तेव्हा परवानगीची वेळ संपली होती. नियमाप्रमाणे सभा तहकूब केली.

मिस्त्री म्हणाला, मालक, लोक विचारत होते उमेदवार कोण.

२४ फेब्रुवारी
एक चिंता. मी अध्यक्ष झालो तर बहुमत कुणाचं, हा प्रश्न माझ्याकडे येणार. ज्याच्यामागे निम्म्याहून जास्त आमदार, त्याचं सरकार. समजा दोन्ही बाजू अडल्या आणि सगळं माझ्यावर, एका अपक्षावर आलं? मग पाठिंबा कुणाला? दुपारभर याच विचारात होतो. मोठ्या बाई येऊन गेल्या, मी मागच्या दाराने वखारीकडे गेलो होतो. म्हणजे तसं ठरलंच होतं.

बायको म्हणाली, त्या बाकं बघून खूश होऊन गेल्या. कमी पडतात हे मी नाही सांगितलं. ते तुमचं काम आहे. तुमच्या वाट्याचं सगळं मी केलं, एवढं नाही करणार.

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर खाली बसवता आलं असतं.

१ मार्च, मतदान
मतदान शाळेतच. आंघोळ, प्रार्थना, रांग. बायको माझ्या पुढे. बोटाला शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो.

यंत्रावर नावं ओळीने. माझं नाव छापलेलं बघितलं. बाजूला उशी. त्याच्या वर सलूनवाला आणि त्याच्यासमोर खुर्ची. चार पाय, सरळ पाठ. चित्र चांगलं काढलंय. मागच्या पायाचा सांधा मात्र जरा उंच वाटला.

बटण दाबलं. शिट्टी वाजली. काचेमागे चिठ्ठी दिसली, आपण कुणाला मत दिलं ते त्यावर छापून येतं. ती थोडा वेळ दिसते आणि पडते.

चिठ्ठीवर उशी नव्हती.

या विषयावर जास्त लिहीत नाही. मतदान गुप्त असतं.

४ मार्च, निकाल
सध्याचे आमदार पुन्हा आले. सलूनवाल्याला चारशेच्या वर मतं पडली. अपक्षाला एवढी पडलेली इथे कुणी पाहिली नाहीत, असं लोक म्हणतात. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला त्याहून जास्त.

उशीला आठ.

सूचक दहा होते. चहावाला शपथेवर सांगतो, त्याने दिलं. मिस्त्रीही सांगतो. मुलगीही. बायकोला विचारायचं धाडस केलं. म्हणाली, उशीलाच दिलं. दुसरं कुणी देणार नाही म्हणून दिलं. मग म्हणाली, आणि तुम्ही?

मी पाणी प्यायला उठलो.

अनामत परत मिळत नाही, असंही कळतं. सभागृहाला अध्यक्ष मिळेलच कुणीतरी. नव्यांना शपथ द्यायला आधी एक हंगामी बसवतात, मग खरा निवडतात. त्यांची खुर्ची आता करकरत नाही, एवढं मी केलंय.

संध्याकाळी वर्कशॉपवर गेलो. बाकं ओळीने उभी होती, पॉलिश केलेली. एकावर बसून बघितलं, नियम म्हणून. गुडघे छातीला लागले. ओळ मध्येच संपत होती. पुढची जागा बायकोने झाडून मोकळी ठेवली होती.

५ मार्च
शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. आज फाटकाशी कुणीच नव्हतं. मतदारही नाहीत. परत फिरायला कारण शोधत होतो, मिळेना. तरी फिरलो.

६ मार्च
सकाळी देवाजवळ बसलो. काही मागितलं नाही. मग शाळेत गेलो.

मोठ्या बाई पहिलीच्या वर्गात होत्या, वर्गाच्या बाई रजेवर. वर्गात एकच खुर्ची. पोरं दोन्ही बाजूंना जमिनीवर, मध्ये वाट. सगळी एकदम बोलत होती. बाईंनी बोटाने फळ्यावर टकटक केलं. सगळी गप्प. मी इतके दिवस सभा शांत करायला मोठी घंटा घ्यायच्या विचारात होतो.

दारातूनच म्हटलं, बाई, चार बाकं कमी पडणार. तुमचं लाकूड मी लोकांच्या खुर्च्यांना घातलं, प्रचारासाठी. नवीन लाकूड परीक्षेनंतर येईल. तेव्हा चारही पुरी करून देतो. मला हे आधी सांगायला हवं होतं.

बाई म्हणाल्या, हवंच होतं. तुमच्या बायकोने मला एवढंच सांगितलं होतं की हे काहीतरी सांगायला येणार आहेत. रोज वाट बघतेय. आमदार झाला असतात तर कधी आला असतात कुणास ठाऊक.

मग त्या पोरांकडे वळल्या. म्हणाल्या, नवी बाकं येतायत, पण थोडी कमी आहेत. परीक्षेला काही बाकांवर दोघांऐवजी तिघांनी बसायचं का? ज्यांना चालेल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर. काहींनी दोन्ही केले. बाई म्हणाल्या, एकाने एकच. एक मुलगी हात खाली ठेवून बसली होती. तिला जमिनीवरच आवडतं, म्हणाली, पेन्सिल पडली तर लांब जात नाही. बाईंनी तिचं पुरतं ऐकून घेतलं, म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, पण तू एक दिवस बसून बघ. मग सगळ्यांना विचारलं, ठरलं? ठरलं, असा ओरडा झाला.

मी कुणालाच खाली बसवलं नाही. सगळे बसलेलेच होते.

वर्कशॉपवर आलो. बायको फळीवर पेन्सिलीने रेघ मारत होती. मान वर न करता म्हणाली, झालं?

म्हटलं, झालं. सांगून आलो.